ऐकणारी आजी, वाचणारी नात : वर्षावासात विहारातून उभी राहू शकणारी वाचनचळवळ

वर्षावास सुरू झाला की आपल्या गावोगावच्या विहारांत संध्याकाळी गर्दी होऊ लागते. वंदना होते, त्रिशरण-पंचशील होते आणि मग कोणीतरी उपासक किंवा उपासिका ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ उघडून कालच्या खुणेपासून पुढे वाचू लागतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने हा क्रम चालतो. पेरण्या आटोपलेल्या असतात, निंदणी-खुरपणी चालू असते, तरी शेतातून आलेली माणसे हातपाय धुऊन, पांढरे लुगडे किंवा स्वच्छ सदरा घालून येऊन बसतात. ऐकणाऱ्यांत सर्वांत जास्त कोण असते? आजी आणि आजोबा.

आणि मुले? ती वंदनेपुरती असतात. खीरदानाच्या दिवशी झाडून सगळी असतात. एरवी विहाराच्या अंगणात खेळतात, नाहीतर मागच्या भिंतीला टेकून एकाच मोबाइलमध्ये चौघेजण डोके घालून बसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तो ग्रंथ बाबासाहेबांनी मोठ्यांसाठी लिहिला आहे. तिसरी-चौथीच्या मुलाला तो तासभर ऐकवला तर ते कंटाळणारच.

आम्हाला इथे एक साधी गोष्ट मांडायची आहे. ज्या आजीला अक्षर येत नाही, ती नातवंडांना वाचायला शिकवण्याच्या कामात मोठी मदत करू शकते. तिच्याकडे गोष्टी आहेत आणि ऐकण्याचा धीर आहे. मुलाकडे पुस्तक आहे, पण ते ऐकणारे कोणी नाही. एकाच घरात राहणाऱ्या या दोघांची जोडी आपण लावून दिली, तर वस्तीतील मुलांचे वाचन सुधारेल आणि आजी-आजोबांच्या आठवणीही वाचतील. त्यासाठी नवी संस्था, इमारत किंवा मोठी वर्गणी लागत नाही. विहार आहे, वर्षावास आहे आणि माणसेही आहेत.

आपली परंपराच ऐकण्यातून सुरू झाली

ऐकणे म्हणजे अडाणीपणा आणि वाचणे म्हणजे शहाणपण, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. धम्माचा इतिहास वेगळे सांगतो. तथागतांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा आनंदाने उपदेश आणि उपालीने विनयाचे नियम तोंडी सांगितले आणि जमलेल्या भिक्खूंनी ते एकत्र म्हणून पक्के केले. हा उपाली म्हणजे दीक्षेपूर्वी शाक्यांचा न्हावी होता, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. त्यानंतर सुमारे चार शतके त्रिपिटक लोकांच्या मुखात आणि कानात जिवंत राहिले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेतील आलुविहार येथे ते ताडपत्रांवर लिहिले गेले, असे तिथली परंपरा सांगते. आजही सुत्त उघडले की आरंभीच कळते, हे कोणीतरी ऐकलेले आहे.

लिहून झाल्यावर ऐकण्याचे काम संपले असेही नाही. सम्राट अशोकाने दगडावर लेख कोरून घेतले, पण ते वाचू शकणारे किती असतील? म्हणून ओडिशातील धौली आणि जौगड येथील लेखांत त्याने ठराविक दिवशी हा लेख लोकांना ऐकवावा, ऐकणारा एकटाच असला तरी ऐकवावा, अशी सूचना दिली आहे. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या लेखात तर त्याने धम्माची सात प्रवचने नेमून दिली आणि भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही ती वारंवार ऐकावीत व त्यांवर विचार करावा असे म्हटले. एकाने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, ही आपल्या विहारातील रीत इतकी जुनी आहे.

त्या सात प्रवचनांपैकी एक राहुलाला केलेला उपदेश आहे, खोटे बोलण्याविषयीचा. राहुल तेव्हा लहान होता. बुद्धांनी त्याला समोर बसवून लांबलचक प्रवचन दिले नाही. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी उरले होते, ते त्याला दाखवले. मग ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ केले आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे चांगुलपण असेच थोडे उरते, असेच सांडून जाते, हे त्या मुलाला भांड्यावरून कळले. पुढे आरसा कशासाठी असतो असे विचारून आपली प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर न्याहाळायला शिकवले. हातातली वस्तू, छोटी गोष्ट आणि एक प्रश्न. आपल्या आज्या आजही चुलीपुढे याच पद्धतीने शिकवतात.

वाचन नेमके कुठे अडते

ग्रामीण भारतातील पाचवीची सुमारे निम्मी मुले दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचू शकत नाहीत, असे ‘असर’ अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. यात आपली मुले आहेत. शिक्षणाचा हक्क कायद्यात आला, मूल शाळेत गेले, पण हातातले पान वाचता येत नसेल तर ‘शिका’ या शब्दाचा अर्थ अर्धाच राहिला.

वाचनाचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे अक्षर ओळखून उच्चार करणे. दुसरा म्हणजे त्या उच्चारातून अर्थ उमजणे. पहिला भाग शाळेत, सरावाने होतो. दुसरा भाग मुलाच्या कानात आधीपासून किती भाषा साठली आहे त्यावर अवलंबून असतो. ज्या मुलाने गोष्टीत ‘करुणा’ हा शब्द दहा वेळा ऐकला आहे, ते पुस्तकात क-रु-णा असे जुळवताच ओळखीचे माणूस दिसावे तसे थबकते आणि पुढे जाते. ज्याने ऐकलेलाच नाही, त्याने उच्चार बरोबर केला तरी हाती काही लागत नाही. एकेक अक्षर जुळवत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. मग वाचन म्हणजे शिक्षा वाटू लागते.

गोष्टी ऐकल्याने हा दुसरा भाग तयार होतो. रोजच्या बोलण्यात आपण मुलांशी तुटक बोलतो : जेव, झोप, अभ्यास कर, मोबाइल ठेव. गोष्टीतली वाक्ये लांब असतात. ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जरी-तरी’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ हे सगळे त्यात येते. पुढे काय होईल याचा अंदाज बांधायची सवय लागते. हीच सवय वाचताना कामी येते.

तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तर ही गरज अधिकच आहे. ती देवनागरी अडखळत वाचतात आणि इंग्रजी पाठ करतात. बाबासाहेबांचे मराठीतील अग्रलेख, चळवळीची पत्रे, आपल्या लेखकांची आत्मकथने या सगळ्यापासून ती तुटत चालली आहेत. आजीशी मराठीत बोलणारे आणि तिला मराठी वाचून दाखवणारे मूल मात्र दोन्ही भाषांत तरते.

बाबासाहेबांच्या घरातले वाचन

पुस्तकाची गोडी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लागते, याचे आपल्यापुढचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द बाबासाहेब आहेत. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत शिक्षक होते. घरात पहाटे-संध्याकाळी पाठांतर आणि वाचन चाले आणि मुलांना त्यात बसावे लागे. मुंबईत एका खोलीत राहत असतानाही मुलाने पुस्तक मागितले की रामजीबाबा विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवत आणि पैसे उभे करत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत. त्या बहिणींचे नाव आपण फारसे घेत नाही, पण त्या पुस्तकांत त्यांचाही वाटा आहे. आईविना वाढणाऱ्या भिवाला आत्या मीराबाईंनी सांभाळले, हेही विसरता येत नाही.

चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा विद्यार्थी गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळूसकरांच्या नजरेस पडला. त्यांनी १८९८ साली लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र पुढे भिवाच्या शाळेतील यशाबद्दल त्याला भेट दिले. एका वडीलधाऱ्या माणसाने एका मुलाला दिलेले एक पुस्तक. त्यातून सुरू झालेला प्रवास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोचला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वडिलांचा वाचनाचा आग्रह आणि ही भेट या दोन्हींची आठवण नोंदवून ठेवली आहे.

“आम्ही अडाणी, आम्ही काय सांगणार?”

ही गोष्ट आजी-आजोबांपुढे मांडली की पहिले उत्तर हेच येते. ते खोडून काढणे आपले काम आहे.

महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम गी पॉईटवँ आणि हेमा राईरकर यांनी अनेक कार्यकर्त्यांच्या साथीने केले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली आणि आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायलेल्या भीमरायाच्या ओव्या त्यात आहेत. ओव्या रचणाऱ्या आणि गाणाऱ्या बहुतेक बायांनी पाटी हातात धरली नव्हती. लोककवी वामनदादा कर्डक शाळेत शिकले नाहीत, मोठेपणी मुंबईत त्यांना अक्षरओळख झाली आणि पुढे त्यांची गाणी गावागावांत पोचली.

बेबीताई कांबळे यांचे बालपण आजोळी वीरगावात गेले. फलटणला दुकान चालवताना सामान बांधायच्या रद्दीचे कागद त्या वाचत आणि घरच्यांच्या नकळत लिहीत. त्यातून ‘जिणं आमुचं’ उभे राहिले. त्या पुस्तकातला महारवाडा, तिथले सण, भूक, बायांचे हाल हे सगळे लहानपणी पाहिलेले आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथासाठी चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपल्या. त्या टिपल्या नसत्या तर आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा कितीतरी इतिहास त्यांच्याबरोबरच गेला असता. तेव्हा ‘आम्ही काय सांगणार’ याचे उत्तर असे आहे : जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही ते.

कोणत्या गोष्टी सांगाव्यात

आमच्या मते गोष्टींचे तीन गट करावेत.

पहिला गट धम्मातील माणसांचा. हंस कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, हा सिद्धार्थ आणि देवदत्त यांचा वाद पहिलीच्या मुलालाही कळतो. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आणायला निघालेली किसा गोतमी, बोटांची माळ घालणारा अंगुलिमाल, रस्ता झाडणारा सुनीत, पाणी द्यायला बिचकणारी प्रकृती. सुनीत आणि प्रकृती यांच्या गोष्टी आपल्या मुलांना विशेष जवळच्या वाटतात. पाण्याला हात लावू न देण्याची रीत आजीने स्वतः पाहिली असेल, तर प्रकृतीची गोष्ट तिच्याइतकी चांगली कोण सांगणार?

दुसरा गट जातककथांचा. पालीतील संग्रहात ५४७ कथा आहेत. दुर्गा भागवतांनी त्या ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने मराठीत आणल्या, धर्मानंद कोसंबींनीही निवडक कथा मराठीत दिल्या. अजिंठ्याच्या भिंतींवर याच कथा रंगवल्या आहेत : पहिल्या लेण्यात महाजनक, सतराव्यात वेस्संतर आणि सहा सुळ्यांचा हत्ती छद्दंत. एकजुटीने जाळे घेऊन उडणारे लावे पक्षी आणि भांडण सुरू होताच पारध्याच्या हाती लागलेले तेच पक्षी, ही जातककथा तर कोणत्याही वस्तीच्या बैठकीत सांगावी अशी आहे. इथे एक काळजी घ्यावी. जातकाच्या शेवटी ‘तो हत्ती म्हणजेच मागच्या जन्मीचे बोधिसत्त्व’ असे येते. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाणारा आत्मा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट नाकारला आहे. म्हणून जातके नीतिकथा म्हणून सांगावीत. मुलाने विचारले, “आजी, खरंच हत्ती होते का गं बुद्ध?” तर “ही शिकवण्यासाठी रचलेली गोष्ट आहे, बाळा” असे सरळ सांगावे. चमत्कार जोडून गोष्ट रंगवू नये.

तिसरा गट घरच्या आणि गावच्या आठवणींचा, आणि आमच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा. १९५६ मध्ये दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. धम्मदीक्षेनंतर घरातले देव कुठे गेले, मेलेली ढोरे ओढणे कोणी आणि कसे बंद केले, त्यावर गावाने काय केले, १९५८ च्या कायद्याने वतन गेल्यावर घर कसे चालले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सत्तरीतल्यांना दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवतो. लाखो लोक तुरुंगात गेले, त्यात कोणाचे वडील होते, कोणाची आई कडेवर मूल घेऊन गेली होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले, सुकडी खाल्लेले, मिलोच्या भाकरी खाल्लेले लोक घरोघरी आहेत. मराठवाड्यात नामांतराच्या लढ्याची, १९७८ मध्ये जळालेल्या घरांची आणि १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराच्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे.

“काही सांगा” म्हटले की आजी गप्प होते. नेमका प्रश्न विचारला की बोलू लागते. आपल्या घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेले? पाणी कुठून आणायचो? सुकडी कशी लागायची? गावात पहिली भीमजयंती कोणी काढली? तुझ्या लग्नात काय जेवण होते? मुलांच्या हातात असे दहा प्रश्न लिहून दिले तर एक पावसाळा सहज जातो.

कडू आठवणी सांगाव्यात का?

हा प्रश्न अनेक घरांत आहे. आजोबा म्हणतात, आम्ही भोगले ते पोरांच्या कानावर कशाला? आई-वडील म्हणतात, मुलाच्या मनात न्यूनगंड येईल. ही चिंता खोटी नाही. पण मुलाला जात कळते ती बाहेर, कोणाच्या तरी टोमण्यातून, एकटे असताना. त्याआधी ती घरात, मायेच्या माणसाच्या तोंडून कळलेली बरी.

सांगताना वय पाहावे. लहान मुलाला मारहाणीचे, अत्याचाराचे तपशील देऊ नयेत. आणि गोष्ट अपमानापाशी थांबवू नये. विहिरीवर पाणी नाकारले, इथे थांबले तर मुलाच्या मनात फक्त दुःख राहते. मग आपल्या लोकांनी काय केले, २० मार्च १९२७ ला महाडला काय झाले, आपल्या गावात आड कधी खोदला, कोणी साथ दिली, हे पुढे आले की मुलाला आपण लढून आलेल्या माणसांचे वारस आहोत हे कळते. मदत करणारा एखादा सवर्ण शिक्षक किंवा शेजारी आठवणीत असेल तर तोही सांगावा. राग पोचवणे सोपे असते, मैत्रीभाव ठेवून सत्य सांगणे हे धम्माचे काम आहे.

ऐकलेले तपासायचे, वाचलेलेही तपासायचे

केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धांनी जे सांगितले ते आपण भाषणांत नेहमी वापरतो. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. हे आजीच्या गोष्टीलाही लागू आहे आणि पुस्तकालाही.

समजा आजोबा सांगतात, “बाबासाहेब आपल्या गावावरून गेले होते, माझ्या बापाने पाहिले.” इथून मुलाचे खरे वाचन सुरू होऊ शकते. कोणते साल? कुठून कुठे चालले होते? चरित्रात, भाषणांच्या खंडात त्या तारखेला त्या भागातील सभा दिसते का? कधी कळेल की सभा गावात नव्हती, तालुक्याला होती आणि पणजोबा चालत तिथे गेले होते. यात आजोबांना खोटे पाडायचे नाही. पणजोबा इतके चालत गेले, ही उलट मोठी गोष्ट हाती लागते. आणि कधी असेही होईल की पुस्तकात काहीच सापडणार नाही, कारण आपल्या माणसांचे सगळे लिहिले गेलेले नाही. मग ती आठवण ‘आजोबांनी सांगितले’ अशा नोंदीसह लिहून ठेवायची. ऐकलेले आणि सिद्ध झालेले यांतला फरक मुलाला असा लहानपणीच कळतो. व्हॉट्सअॅपवर काहीही फिरत असण्याच्या काळात हे शिक्षण फार गरजेचे आहे.

विहारात सुरुवात कशी करावी

वर्षावासात आठवड्यातून दोन दिवस, मुख्य ग्रंथवाचनाच्या आधीचा अर्धा तास मुलांना द्यावा. पंधरा मिनिटे एका आजीची किंवा आजोबांची गोष्ट. उरलेली पंधरा मिनिटे मुलांनी वाचून दाखवायचे, प्रत्येकाने एकेका ज्येष्ठाजवळ बसून. माइक नको. माइक आला की वाचनाची परीक्षा होते आणि अडखळणारे मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. स्वतःची आजी नसलेल्या मुलाला वस्तीतली आजी मिळते, आणि मुले शहरात गेल्याने एकट्या पडलेल्या आजोबांना संध्याकाळी बोलायला कोणी मिळते.

वाचता न येणारी आजी चूक कशी पकडणार, असे कोणी विचारेल. तिने चूक पकडायचीच नाही. जिथे अर्थ लागत नाही तिथे तिने “म्हंजे काय रं?” एवढेच विचारायचे. मूल पुन्हा मागे जाते, ओळ पाहते आणि स्वतःच दुरुस्त करते. प्रत्येक शब्दाला टोकणाऱ्यापेक्षा असे ऐकणारे माणूस मुलाला अधिक उपयोगी पडते. शेवटी दोन प्रश्न पुरेत : “मग काय झालं?” आणि “तू असतास तर काय केलं असतंस?” तेच पुस्तक मुलाने चार वेळा वाचले तरी हरकत नाही, वाचनाचा वेग त्यानेच वाढतो.

तिसरे काम लिहून घेण्याचे. आजीने सांगितलेली गोष्ट मुलाने तिच्याच बोलीत, मोठ्या अक्षरांत वहीत उतरवावी, शेजारी चित्र काढावे आणि मग तिला वाचून दाखवावी. शुद्धलेखन नंतर मोठ्यांनी पाहावे, पण आजीचा ‘व्हता’ खोडून ‘होता’ करू नये. शाळेत प्रमाण मराठी शिकायचीच आहे, पण आजीच्या बोलण्याची लाज वाटायला शिकू नये. अशा वह्या लहान मुलांना वाचायला फार सोप्या जातात, कारण त्यांतली माणसे, ओढा, वड, सगळे ओळखीचे असते. वर्षावासाच्या शेवटी या वह्यांची झेरॉक्स काढून, शिवून एक प्रत विहारात आणि एक गावच्या शाळेत ठेवावी. छापण्यापूर्वी आजीला विचारावे. काही गोष्टी तिला घरातच ठेवायच्या असतील.

पुस्तकांचे काय? अनेक विहारांत कपाट आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली अध्यक्षांकडे आहे. आत शासनाने काढलेले ‘लेखन आणि भाषणे’चे जाड खंड असतात. ते हवेतच, पण तिसरीच्या मुलासाठी पातळ, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके वेगळ्या उघड्या फळीवर हवीत. मुलांनी ती घरी न्यावीत, थोडी फाटली तरी चालतील. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरही मराठी गोष्टींची पुस्तके मोफत आहेत. तरुण मंडळातल्या कोणी त्यांच्या प्रती काढून आणल्या तर मोबाइलचाही चांगला उपयोग होईल. आणि जयंतीच्या वर्गणीतून साउंड सिस्टीमवर जेवढे जाते, त्याचा दहावा भाग जरी दरवर्षी बालपुस्तकांवर गेला, तरी पाच वर्षांत विहारात चांगले बालग्रंथालय उभे राहील. मिरवणूक काढूच, पण ज्यांनी मुंबईत ‘राजगृह’ बांधताना पुस्तकांसाठी जागा आधी योजली, त्यांच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकीत पुस्तकालाही स्थान असावे.

हे काम फक्त बौद्ध वस्तीपुरते ठेवू नये. गावातल्या इतर समाजांच्या मुलांनाही विहाराचा दरवाजा उघडा असावा. एकत्र गोष्ट ऐकलेली मुले मोठेपणी एकमेकांकडे पाठ फिरवायला थोडी तरी कचरतात.

येत्या आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचे नियोजन करण्यासाठी समिती बसेल तेव्हा ग्रंथ कोण वाचणार, खीरदान कोणाकडे, हे ठरेल. त्याच बैठकीत आणखी दोन नावे ठरवावीत : पहिल्या आठवड्यात गोष्ट कोण सांगणार आणि मुलांच्या वह्या कोण सांभाळणार. ज्यांच्या तोंडून हे ऐकायचे आहे ती माणसे दर पावसाळ्याला कमी होत आहेत, आणि ज्यांनी ते ऐकायचे आहे ती मुले दर पावसाळ्याला एक इयत्ता पुढे जात आहेत. उशीर परवडणारा नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!